घणाचा हात

माझ्या बहिणीचा नवरा घरं पाडायचा. घरं बांधणारे गल्लोगल्ली सापडतात, पाडणारा चांगला मिळायला नशीब लागतं, असं तो स्वतःच सांगायचा आणि ते खोटं नव्हतं. दोन इमारतींच्या मधली जुनी इमारत खाली आणायची आणि शेजारच्यांच्या खिडकीची काचही तडकू द्यायची नाही, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तो आधी भिंतीवर पालथ्या मुठीने ठोकायचा, कान लावायचा, मग एका जागी खडूने फुली मारायचा. त्या फुलीवर घणाचे चारदोन घाव बसले की भिंत आधी पोटात फुटायची आणि मग जागच्या जागी खाली बसायची. सगळे त्याला घण म्हणत. मुकादम म्हणत, चहावाला म्हणे, आणि त्याच्या आईलाही त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची सवय उरली नव्हती.

मला तो आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी तराजू घेऊन बसले आहे असं कोणालातरी वाटायचं. मी कपड्यांच्या कारखान्यात कटर आहे. कापडाच्या थरांचा हा एवढा गठ्ठा विजेच्या सुरीने एका रेघेत कापते, डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा घालून. म्हणून तो मला कात्री म्हणायचा. आमच्या सासूसुनेसारख्या चकमकी ऐकून ताई मध्ये पडायची आणि मध्ये पडल्याबद्दल मी गेल्यावर मार खायची.

हो, तो मारायचा. ताईच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, ते त्याच्या हाताने. तिचं मनगट जरा तिरकं बसलं आहे, ते त्याच्या पायाने. एकदा तिने त्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या रंगाच्या दोऱ्याने शिवलं, तर त्याने तिचे केस धरून कपाळ कपाटाच्या दारावर आपटलं होतं. दार पत्र्याचं होतं, त्याला खळगा पडला. तो खळगा मग त्यानेच रविवारी हलक्या हाताने ठोकून सरळ केला, कारण वस्तू खराब झालेली त्याला खपत नसे.

आणि दारू? दारूच्या थेंबाला शिवला नाही कधी. पिणाऱ्याच्या बायकोला निदान सांगायला कारण तरी असतं. शुद्धीत नव्हते, सकाळी पाया पडले, असलं काहीतरी. माझ्या बहिणीला तेही मिळालं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तिने शुद्धीतल्या माणसाचा खाल्ला.

बाहेर मात्र त्याच्या याच हाताचं कौतुक व्हायचं. एका कामावर ठेकेदाराने एका म्हाताऱ्या मजुराला लोंबकळत्या स्लॅबखाली विटा वेचायला पाठवलं. स्लॅब खाली आला, म्हातारा कमरेखाली चेंगरला. घणाने ठेकेदाराला सिमेंटच्या गोणीवर आडवा पाडला आणि फावड्याच्या दांड्याने त्याच्या तोंडावर असा मारत सुटला, की त्याचे पुढचे दात गोणीवरून वेचून काढावे लागले. पोलीस आले, सोडूनही गेले. मजुरांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुढे बरेच दिवस कोणी ठेकेदार त्याच्याशी वरच्या आवाजात बोलला नाही. पुढे कधी कोणी बोललाच, तर तो राग गिळून घरी यायचा आणि वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. न्यायी माणूस होता म्हणतात. असेल. त्याचा न्याय उंबऱ्यापाशी संपायचा.

तर असा हा माणूस एका अर्ध्या पाडलेल्या जिन्यावर उभा असताना रक्त ओकला. थोडंथोडकं नाही, बादलीभर. विटा लाल, चुना लाल. तोंड पुसून त्याने उरलेली पायरी फोडली आणि मगच खाली बसला. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. लिव्हरचा कॅन्सर, पुढे गेलेला. गाठ मोठ्या शिरेत घुसलेली, म्हणून कापून काढता येत नाही. त्याच्या रक्तात काविळीचा एक जुना विषाणू लहानपणापासून बसून होता आणि आतल्या आत घर पोखरत होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दारू घेता?" तो म्हणाला, नाही. त्यांनी कागद चाळून पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नाही. थोड्या वेळाने शिकाऊ डॉक्टर आला, त्यानेही तेच विचारलं, तेव्हा घणाने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवलं. "नाही म्हटलं ना?" मी तिथेच होते. पोराचे पाय जमिनीवरून सुटले होते. त्या क्षणी मला वाटलं, हा काही एवढ्यात मरत नाही.

त्याच डॉक्टरीणबाईंनी मग औषधांच्या चाचणीची गोष्ट काढली. बाई बुटक्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, "एक गोळी आहे, ती रोज घ्यायची. ती गाठीचा रक्तपुरवठा तोडते. दुसरं औषध सलाईनमधून, दर तीन आठवड्यांनी. ते शरीराच्या स्वतःच्या ताकदीला गाठीवर सोडतं. गोळी एकटी किती काम करते ते आम्हाला माहीत आहे. दोन्ही मिळून जास्त करतात का, ते बघायचं आहे."

"आधी सळया कापायच्या, मग भिंत पाडायची," घण म्हणाला.

"तसंच म्हणा. पण सलाईनमध्ये खरं औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी, हे तुम्हाला कळणार नाही. अर्ध्यांना हे, अर्ध्यांना ते. कोणाला काय, हे कॉम्प्युटर ठरवतो. मलाही सांगत नाही."

"तुम्हालाही माहीत नाही? मग तुम्ही कशाला?"

बाई हसल्या. "तुम्हाला काही त्रास झाला तर तो पकडायला."

आणखी एक अट होती. घरात काळजी घेणारं एक माणूस पाहिजे. गोळी तेच देणार, पेशंटला तेच घेऊन येणार आणि कसं चाललंय हे दर आठवड्याला चाचणीच्या सिस्टरला फोनवर तेच सांगणार. असं माणूस नसेल तर चाचणीत घेत नाहीत. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. तिने सही केली. मी तिला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन म्हटलं, "तुला देवाने सुटायचा दरवाजा उघडून दिला होता, तू स्वतः कडी लावलीस." ती म्हणाली, "मरू देऊ का मग?" मी म्हटलं, हो. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की शेवटी मीच नजर वळवली.

गोळी सुरू झाली आणि एक नवल झालं. त्याचे तळहात लाल पडले. मग फोड आले, मग फोड फुटून कातडी सोलून निघायला लागली. तळपायांचंही तेच. सिस्टर म्हणाली, या गोळीने असं होतं. ज्या हातांना घण घासून घासून खडबडीत चामडं आलं होतं, ते हात तान्ह्या पोरासारखे मऊ आणि उघडे झाले. त्याला कप धरवेना. पाय जमिनीला लागला की ओरडायचा, आणि ओरडायलाही आवाज उरला नव्हता. गोळीने घसाही बसला होता. मूठ तर वळतच नव्हती.

ताई दिवसातून तीनदा त्याच्या तळहातांना मलम लावायची. तो हात पुढे करून बसायचा. मी एकदा दारातून ते बघितलं. तीस वर्षं ज्या हाताखाली ती वाकली, तो हात तिच्या मांडीवर उताणा पडलेला आणि ती फुंकर घालते आहे. तो खालच्या आवाजात म्हणत होता, "हळू गं." हळू. हा शब्द त्या माणसाच्या तोंडात होता हे मला माहीतच नव्हतं. ताई मला नंतर म्हणाली, "इतके दिवस झाले, घरात काही पडलेलं नाही बघ. काही फुटलेलं नाही." ती गुणगुणत भांडी घासत होती. मला आनंद झाला आणि आनंद झाला म्हणून राग आला. बायकोला सुख लागावं म्हणून नवऱ्याचे हात सोलावे लागतात, हा काय संसार झाला?

पण ती काळजीतही होती. सिस्टरने फोनवर विचारलं, वागण्यात काही बदल? ताईने प्रामाणिकपणे सांगितलं, "हो. फार शांत झालेत. ओरडत नाहीत. हाक मारतात तीसुद्धा नीट मारतात." सिस्टर घाबरली. दोघांना ताबडतोब बोलावून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला तास-दीड तास प्रश्न विचारले. उदास वाटतं का, जगणं नकोसं वाटतं का. त्याचा गोडपणा त्यांच्याकडे त्रास म्हणून नोंदला गेला. मनाचं काही सापडलं नाही, पण हात बघून बाईंनी गोळी अर्ध्यावर आणली.

हात बरे झाले. नवी कातडी आली.

एका दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता ताईचा फोन आला. आजूबाजूला मशीनचा खडखडाट, मला धड ऐकू येईना. तिचा आवाज मात्र हलका होता. म्हणाली, "आज मारलं गं त्यांनी."

"काय?"

"चहा गार झाला म्हणून. चांगली ठेवून दिली. अगं, मूठ वळली. आई पण म्हणाल्या, हात उचलला ना, म्हणजे बरा होतोय, अंगात जोर आला."

आई म्हणजे तिची सासू. ती म्हातारी त्या दिवशी शेजारणींना सांगत फिरली होती, की औषध लागू पडलं. मी फोन ठेवला आणि सुरी चालू केली आणि एक अख्खा गठ्ठा तिरका कापला. जाळीचा मोजा नसता तर बोटंही गेली असती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, एवढंच त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं. दुसरं काही येण्यासारखं नव्हतं, कारण त्याच आठवड्यात स्कॅन झाला आणि गाठ खरोखरच लहान झालेली निघाली. डॉक्टरीणबाई खूश, सिस्टर खूश. म्हातारीचं गणित जुळलं. गाठ लहान झाली, हात मोठा झाला.

त्यानंतर तो चढतच गेला. ताईच्या पाठीत पक्कड फेकून मारली. म्हातारीच्या ताटाला लाथ मारली, आईवर त्याने कधी पाय उचलला नव्हता. शेजाऱ्याच्या खिडकीत वीट घातली, शेजारी रेडिओवर त्याच्याविषयी बोलतो म्हणून. दिवसा घोरायचा, रात्री घरभर फिरायचा. शर्ट उलटा घालायचा. चमचा तोंडाशी नेताना हात असा लटपटायचा की निम्मं सांडायचं, आणि सांडलं की ताईला मारायचा. त्याच्या श्वासाला कसलासा गुळचट, कुबट वास येत होता. पोट तर कितीतरी दिवसांत साफ झालेलं नव्हतं, पण असली गोष्ट तो बायकोला सांगणाऱ्यातला नव्हता.

सिस्टरचा फोन दर आठवड्याला येत होता. चिडचिड वाढली आहे का? वागणं विचित्र वाटतं का? ताई म्हणायची, "नाही हो सिस्टर. आता अगदी पहिल्यासारखेच झालेत."

"वा, छानच," सिस्टर म्हणायची.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. जिन्यातच आवाज ऐकू आला. घाव, मग थोडं थांबणं, मग घाव. दर घावाला कठडा थरथरत होता. दार सताड उघडं, आत चुन्याचा धुरळा. म्हातारी पलंगाखाली शिरली होती, तिचे फक्त पाय दिसत होते. घण बनियनवर उभा, हातात त्याचा जुना घण, आणि समोर खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत. भिंतीवर खडूची फुली. स्वयंपाकघराचं दार त्याने बाहेरून कपाट लोटून बंद केलं होतं. आतून ताई ओरडत होती.

"दाजी!" मी म्हटलं. "ताई आत आहे."

तो वळला. डोळे पिवळे, माझ्यातून आरपार बघणारे. अगदी कामावरच्या आवाजात म्हणाला, "आत कोणी नाही. मी बघून आलो. रिकामी आहे."

आणि त्याने घाव घातला. भिंत पोटात फुटली. पलीकडून ताईची किंकाळी आली आणि मग विटा पडल्याचा आवाज, आणि मग काहीच आवाज नाही. त्या काहीच-नाहीने माझं डोकं फिरलं. मी त्याच्या पाठीवर झेपावले. त्याने मला झटकलं, मी म्हातारीच्या पलंगावर आपटले. "मुकादम, बाजूला हो," तो मला म्हणाला आणि घण फिरवला. मी वाकले. घण दाराच्या चौकटीत घुसला आणि अडकला. तो उपसत होता तेवढ्यात मी लाकडी स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर मारलं. तो खाली आला. मग मी पुन्हा मारलं, खांद्यावर, आणि पुन्हा, कानाखाली. शेवटचे दोन मारले तेव्हा तो पडलेला होता आणि धडपडतही नव्हता. त्याचं मला वाईट वाटत नाही. हातून स्टूल शेजाऱ्यांनी काढून घेतलं, नाहीतर चाचणी तिथेच संपली असती.

ताई विटांखाली अर्धी गाडली गेली होती. दंड मोडला होता, डोक्यात खोक पडली होती. जिवंत होती. रक्त आणि चुना मिसळून तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. विटा उपसताना ती मला पहिलं काय म्हणाली असेल? "त्यांना लागलं का?"

दवाखान्यात त्याला हातपाय बांधून न्यावं लागलं. वाटेत त्याने एका कंपाउंडरचा अंगठा चावून फोडला. रात्रीपर्यंत निदान झालं. लिव्हर थकलेलं, त्यात पोट तुंबलेलं, त्यामुळे शरीरातलं अमोनियाचं विष रक्तात साचून मेंदूत चढलं होतं. पातळ औषधाच्या बाटल्या नळीने पोटात घातल्या. दोन दिवसांनी तो माणसात आला.

डॉक्टरीणबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक गोष्ट समजून घ्या. हे त्यांनी केलेलं नाही. हे आजाराने केलं. असे पेशंट संतापतात, मारतात, माणसं ओळखत नाहीत. त्या वेळी ते ते नसतात."

म्हातारी रडायला लागली. "मी म्हणतच होते. माझा पोरगा असा नाहीच मुळी."

"पण सिस्टर दर आठवड्याला विचारत होत्या," बाई ताईला म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. "महिनाभर हे वाढत गेलं असणार. तुम्ही काहीच कसं सांगितलं नाहीत?"

ताईचा हात प्लॅस्टरमध्ये, डोक्याला पट्टी. ती म्हणाली, "मी म्हटलं, पहिल्यासारखेच आहेत. खोटं नाही बोलले."

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि दारू..."

"नाही घेत," ताई म्हणाली. "मला एक सांगा. आजाराने मारलं आणि यांनी मारलं, यातला फरक मला कळायचा कसा? माझ्या अंगावर दोन्ही सारखंच लागतं."

एवढी शिकलेली बाई, पण हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेला नसणार. विचार करून बाई म्हणाल्या, "हात पुढे करायला सांगा. आजार असेल तर पंजे पंख मारल्यासारखे लटपटतात. शंभरातून सात सात वजा करायला सांगा. आणि शंका आली की सरळ इथे आणा. रक्त खरं सांगेल."

घणाला सगळं सांगण्यात आलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याने ताईचं प्लॅस्टर बघितलं, पट्टी बघितली, आणि तो रडला. मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं आणि मला कीव आली नाही. पण पुढे तो जे बोलला, त्याने मी चकित झाले. म्हणाला, "यापुढे मी हात उचलणार नाही. उचलला, तर तो मी नाही, आजार समज. माझं काही ऐकू नकोस. सरळ इथे घेऊन ये." त्या माणसाने बायकोला आयुष्यात पहिल्यांदा शब्द दिला होता.

गाठ लहान होत होती, म्हणून बाईंनी वरच्या लोकांशी भांडून चाचणी पुन्हा सुरू करून घेतली, सोबत पोट साफ ठेवायचं पातळ औषध. काळजी घेणारं माणूस पाहिजेच, हे या वेळी दोनदा बजावलं. ताईने हो म्हटलं. मी तिला काही बोलले नाही. तिच्या हातात आता एक माप आलं होतं आणि तिला ते लावून बघायचं होतं, हे मला दिसत होतं.

दिवस बरे गेले. पुढचा स्कॅनही चांगला आला. पडलेली भिंत घणाने स्वतः बांधायला घेतली. जन्मभर पाडत आलेल्या माणसाला बांधता येईना. रोज ओळ तिरकी जायची. एका सकाळी त्याचा जुना मुकादम भेटायला आला, भिंतीकडे बघून म्हणाला, "घणा, ही पाडायला तुलाच बोलवावं लागेल." तिघंही हसली. ताईही हसली. घणही हसला. मुकादमाने चहा घेतला, तब्येतीची चौकशी केली आणि गेला. घणाने दार लावलं. कडी घातली. हातातली थापी ओल्या कपड्याने स्वच्छ पुसली. मग वळून त्या थापीच्या धारेने ताईच्या भुवईवर मारलं.

"परक्या माणसासमोर मला हसतेस?"

भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला. दुसरा घाव तिने प्लॅस्टर नुकतंच निघालेल्या हातावर झेलला. तिसऱ्याला तो थांबला, कारण ती ओरडत नव्हती. टॉवेल डोळ्यावर दाबून ती चपला शोधत होती.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"दवाखान्यात. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

तो निमूट निघाला. टॅक्सीतून ताईने मला फोन केला आणि मी कारखान्यातून तशीच धावले, हातात जाळीचा मोजा तसाच. मी पोचले तेव्हा दोघं बाकावर शेजारी बसली होती. तिच्या भुवईला टाके पडले होते. त्याचा चेहरा बघून मी गोंधळले. त्या चेहऱ्यावर आशा होती. तो पुन्हा पुन्हा ताईला सांगत होता, "चढलं असणार पुन्हा. सकाळपासून डोकं जड आहे माझं. तो मी नव्हतो." ताई मान हलवत होती. मला वाटतं तिलाही तेच हवं होतं. ती जमिनीकडे बघत बसली होती, ओठ हलत होते. रक्तात विष निघू दे, असं कोणी आपल्या नवऱ्यासाठी मागत असेल?

सिस्टरने त्याला हात पुढे करायला सांगितले. पंजे दगडासारखे स्थिर. शंभरातून सात वजा करायला सांगितलं, तो धडाधड खालपर्यंत गेला, मजुरांचे हिशेब जन्मभर केलेला माणूस. पोट साफ होतं. तरी रक्त घेतलं.

रिपोर्ट घेऊन सिस्टर हसतच आली. तिला बिचारीला आनंदाची बातमी द्यायची होती. "काळजी करू नका. अमोनिया अगदी नॉर्मल आहे. सगळं नॉर्मल आहे."

"नक्की?" ताईने विचारलं.

"नक्की."

सिस्टरने मग ताईची भुवई बघितली आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. ताई उठली. पर्समधून गोळ्यांची डबी काढली, पातळ औषधाची बाटली काढली, दोन्ही बाकावर त्याच्या शेजारी ठेवल्या.

"सिस्टर, माझं नाव काढून टाका. त्यांची आई आहे घरी. तिला जमतं का विचारा."

"काकू, त्यांना नाही जमलं तर चाचणी..."

"माहीत आहे मला."

घण बाकावरून उठला. मी मोज्याची मूठ वळली. पण तो ताईकडे गेला नाही, सिस्टरकडे गेला. बाही दंडापर्यंत वर सारली आणि हात तिच्यापुढे धरला. "परत काढा," तो म्हणाला. "परत काढा रक्त. कुठेतरी चुकलंय तुमचं." सिस्टर मागे सरकली. तो तिच्यामागे गेला, हात तसाच पुढे. "अहो, काढा ना. चुकलं असणार कुठेतरी."

ताई दारापाशी थांबली होती. म्हणाली, "मलाही तीस वर्षं तसंच वाटत होतं."

लिफ्टला गर्दी होती, म्हणून आम्ही दोघी जिन्याने उतरलो.